हाच-सान

पद्मिनीताईच्या पर्समध्ये नवऱ्याचा फोटो नाही, मुलीचाही नाही. एका जपानी माणसाचा आहे. टोकियोच्या हिगाशी-कसाईतल्या तिच्या इमारतीत पुण्या-मुंबईहून नवीन कुटुंब राहायला आलं, की बायकांना हे पहिल्याच आठवड्यात कळतं, कारण ती स्वतःच पर्स उघडून दाखवते. प्लॅस्टिकच्या कडक पाकिटात एक बेसबॉलचं कार्ड. त्यावर मातीत सूर मारलेला एक खेळाडू, पाठीवर आठ नंबर. तिचा नवरा उल्हास सॉफ्टवेअरवाला, शांत माणूस. तो पाहुण्यांना सांगतो, "आमच्या घरात मी दुसऱ्या नंबरवर. पहिला नंबर आठ नंबरचा."

मी स्वरूपा. टोकियोला गेले की तिच्याकडे उतरते आणि ही गोष्ट तिच्या तोंडून दर वेळी ऐकते. दर वेळी ती थोडी वाढवून सांगते. म्हणून आता मीच लिहून टाकते. सगळं माझ्यासमोर घडलं आहे, आणि मला बेसबॉलचं काडीचं प्रेम नाही, त्यामुळे माझ्यावर विश्वास ठेवायला हरकत नाही.

२००५ साली मी सेंदाईच्या विद्यापीठात धातूंवर संशोधन करत होते. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर उल्हास, पद्मिनीताई आणि त्यांची मुलगी मिताली राहायला आली. उल्हासच्या पुण्यातल्या कंपनीने त्याला काही महिन्यांच्या कामावर पाठवलं होतं. मिताली दोन महिन्यांत जपानी बोलायला लागली. उल्हासचं ऑफिसात इंग्रजीवर भागायचं. राहिली ताई. तिला जपानी येत नव्हतं आणि गप्प बसणंही येत नव्हतं. दुकानात, बसमध्ये, कचऱ्याच्या जागी भेटेल त्याच्याशी ती सरळ मराठीत बोलायची. वर मलाच सांगायची, "अगं, सूर कळतो माणसाला."

सेंदाईला त्याच वर्षी स्वतःची बेसबॉल टीम मिळाली होती. नवी कोरी टीम, आणि सारखी हरायची. मला वाटलं होतं, लोक चार दिवसांत कंटाळतील. पण सेंदाईकरांना आपलं बाळ रांगताना पडलं तरी कौतुक, तसं चाललं होतं. बटाट्याच्या चिप्सच्या पाकिटांना खेळाडूंची कार्डं चिकटवलेली यायची. मितालीच्या वर्गात सगळ्यांकडे होती, म्हणून तिलाही हवी झाली. पंधरा दिवसांत तिचा उत्साह आटला. तोवर आई मात्र पुरती अडकली होती.

चिप्स एवढ्या कोण खाणार? ताईने त्यांचा चिवडा केला. हिरवी मिरची, शेंगदाणे, कढीपत्ता माझ्या कुंडीतला, वर चिमूटभर साखर. कॉन्सोमे नावाच्या चवीत मांसाचा अंश असतो हे कळल्यावर ती पाकिटं कार्ड काढून माझ्याकडे यायला लागली, कारण मी काहीही खाते. प्लॅस्टिकच्या कचऱ्याच्या दिवशी तिच्या पिशवीत धुऊन चपटी केलेली पाकिटं एवढी असायची, की शेजारच्या आजी एकदा मला काळजीने विचारून गेल्या, खाली किती माणसं राहतात?

ताईला हवा होता एकवीस नंबर. डावखुरा बोलर, ते लोक त्याला पिचर म्हणतात. तो का हवा, तर त्याच्या कपाळावरची आठी तिच्या शाळेतल्या खेळाच्या सरांसारखी होती. त्याचं चकचकीत कार्ड काही केल्या निघेना. मग तिला ओइकावा-सानांचं दुकान सापडलं; सान म्हणजे आपलं राव किंवा ताई.

ओइकावा-सान बाजारपेठेच्या गल्लीत वह्या-पेन्सिली विकायचे. सत्तरीचे, जाड भिंगांचा चष्मा. दर शनिवारी दुकानात एक टेबल मांडायचे आणि त्यावर कार्डांची अदलाबदल चालायची. शाळकरी मुलं, निवृत्त गृहस्थ, एक बसचालक. टेबलाचा नियम एकच, ओइकावा-सानांचा: इथे विकायचं नाही आणि फुकट द्यायचं नाही. कार्डाला कार्ड.

ताई पहिल्यांदा गेली तेव्हा मी प्रयोगशाळेत होते. मी तिला आधी दोन गोष्टी शिकवून ठेवल्या होत्या. वस्तू दोन्ही हातांनी घ्यायची, आणि पाकिटातून दिलेली वस्तू देणाऱ्यासमोर उघडायची नाही. दोन्ही तिने चोख पाळल्या, आणि त्यातच घोटाळा झाला.

टेबलावरच्या अल्बममध्ये तिला एकवीस नंबर दिसला. ती आनंदाने ओरडली, "मिताली, बघ, हाच! हाच तो!" मिताली कोपऱ्यात कॉमिक वाचत होती, तिने मान वर केली नाही. पण ओइकावा-सानांनी केली.

"हाची?" त्यांनी विचारलं.

"हाच, हाच!" ताईने मान डोलावली. माणसाला सूर कळला म्हणून ती खूश.

आता, हाची म्हणजे जपानीत आठ. बोलताना शेवटची वेलांटी ते लोक जवळजवळ गिळतात, उरतं ते आपलं हाच. ओइकावा-सान थोडे गोंधळले. मग आत जाऊन मागच्या खोक्यातून शोधून एक कार्ड आणलं, कागदी पाकिटात घातलं आणि दोन्ही हातांनी दिलं. ताईने दोन्ही हातांनी घेतलं आणि बदल्यात स्वतःची दोन चकचकीत कार्डं दिली, तीही दोन्ही हातांनी. सगळं कसं शिस्तीत.

घरी पाकीट उघडलं तर आत पातळ कागदाचं, स्टेडियमच्या दारात फुकट वाटलेलं कार्ड. पाठमोरा खेळाडू, आठ नंबर. ताई ते घेऊन जिना चढून माझ्याकडे आली.

"हा कोण? आणि मी त्याचं काय करू?"

मी वाचलं. तोकिता, बदली खेळाडू. ती काय म्हणाली होती ते मी पुन्हा पुन्हा विचारलं, आणि उलगडा झाल्यावर मी एवढी हसले की ती चिडून निघून गेली.

पुढच्या शनिवारी मला बरोबर नेलं. मी ओइकावा-सानांना समजावून सांगितलं, की मराठीत हाच म्हणजे आठ नव्हे. हाच म्हणजे हा आणि फक्त हा, दुसरा कोणी नको. ओइकावा-सानांना चष्मा काढून डोळे पुसावे लागले, एवढे हसले. मग एकदम गंभीर झाले, माफी मागितली आणि तिची दोन्ही चकचकीत कार्डं परत करायला पुढे केली.

ताईने ती मागे सरकवली. "त्यांना सांग, मी हाच म्हणाले ना? मग हाच. बोलले ते बोलले."

"ताई, ते फुकट वाटलेलं कार्ड आहे. घे की परत," मी म्हटलं.

"सांग म्हटलं ना!"

मी सांगितलं. मग ओइकावा-सान सेंदाईच्या बोलीत "न्दा, न्दा" म्हणाले, म्हणजे आपलं हो, हो, बरोबर. आणि त्यांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली. त्या दिवसापासून ती त्या गल्लीत हाच-सान झाली. भाजीवाली, केशकर्तनवाला, सगळे त्याच नावाने हाक मारायचे. पद्मिनी म्हणताना त्यांची जीभ तशीही अडखळत होती.

दोन चकचकीत कार्डं देऊन आपण काय घेतलं ते बघायला पाहिजे, म्हणून ती स्टेडियमवर गेली. उल्हासला काम होतं. माझं काम कोणी धरलंच नाही, मला नेलं. वारा बोचरा होता, टीम हरत होती आणि तोकिता बाकावर बसून होता. सामना संपत आला तेव्हा आमचा एक जाडजूड फलंदाज कसाबसा पहिल्या टप्प्यावर, म्हणजे त्यांच्या पहिल्या बेसवर, पोचला. त्याला बाहेर घेतलं आणि त्याच्या जागी पळायला तोकिताला पाठवलं. एवढंच त्याचं काम. दुसऱ्याने मिळवलेल्या जागेवर उभं राहायचं आणि पळायचं.

तो टप्प्यापासून चार पावलं सरकून वाकून उभा राहिला. पिचरने चेंडू टाकायला पाय उचलला आणि हा सुटला. शेवटी अंग झोकून दिलं, छातीवर घसरत गेला आणि हात दुसऱ्या टप्प्याला लावला. ताई उभी राहिली. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं.

"सूर! अगं, खांबावरचा सूर! डावा हात बघितलास? खो-खोचा माणूस आहे हा! हाच! हाच!"

पुढचा फलंदाज बाद झाला आणि आम्ही हरलो. तोकिताने छातीवरची माती झटकली आणि जाऊन बसला. त्याच्यासाठी टाळ्या वाजवणारी ताई एकटीच होती.

परतताना बसमध्ये तिने मला सांगितलं. पुण्यात ती शाळेच्या खो-खो संघात होती. संघात बाराजणी, मैदानावर नऊ, आणि ही कायम उरलेल्या तिघींत. जिल्ह्याच्या अंतिम सामन्यात एकीचा पाय मुरगळला, हिला उतरवलं. शेवटच्या डावात ही वेळ संपेपर्यंत बाद झाली नाही आणि शाळा जिंकली. फोटोच्या वेळी सर म्हणाले, पद्मिनी, तू जरा बाजूला हो, रोजच्या नऊच राहू देत. तो फोटो शाळेच्या जिन्यात अजून लावलेला आहे.

"मला तेव्हा भयंकर राग आला होता," ती म्हणाली. "अजून येतो. त्या फोटोसमोरून मी कधी सरळ चालत गेले नाही."

"आणि एकवीस नंबरला त्याच सरांसारखी आठी आहे?"

"सर वाईट नव्हते गं," ती म्हणाली. "पण चुकले."

उन्हाळ्यात चिप्सच्या पाकिटावर स्पर्धा जाहीर झाली. मोसमाच्या शेवटच्या खेपेत प्रत्येक टीमचं एक कार्ड चाहत्यांच्या पसंतीचं निघणार होतं. पाकिटावरचं कुपन कापून पोस्टकार्डाला चिकटवायचं, खेळाडूचं नाव लिहायचं आणि तोच का, ते एका ओळीत. निवडलेली ओळ कार्डाच्या मागे छापणार होते. तोकिताचं तोवर चिप्सचं एकही कार्ड निघालं नव्हतं. टीममधल्या जवळजवळ सगळ्यांचं होतं.

ताईने ठरवून टाकलं. "हा फोटोबाहेर राहता कामा नये."

तिच्याकडे वेळही कमी होता. उल्हासचं काम संपत होतं आणि शरद ऋतूत त्यांना टोकियोला, हिगाशी-कसाईला हलायचं होतं. ती गल्लीत दारोदार फिरली. एका हातात चिवड्याचा डबा, दुसऱ्या हातात कोरी पोस्टकार्डं. जपानी एव्हाना तिने कामापुरतं उचललं होतं. "तोकिता. हाची-बान. ओनेगाइ," म्हणजे तोकिता, आठ नंबर, कृपा करा, आणि डबा पुढे. मी म्हटलं, ही लाच आहे. ती म्हणाली, चिवड्याला लाच म्हणणारी तू पहिलीच. भाजीवालीने पाठवलं, बसचालकाने पाठवलं, मितालीच्या वर्गशिक्षिकेने पाठवलं. मिताली लाजेने अर्धी झाली होती. "मामा, यामेते," म्हणायची, आई, पुरे ना. पण पोस्टकार्डांच्या कडा रंगवून द्यायची तीच. रंगीत कडांचं कार्ड ढिगातून पटकन उचललं जातं, हे तिला वर्गातल्या मुलींनी सांगितलं होतं.

ताईच्या ओळीवरून माझं आणि तिचं कडाक्याचं भांडण झालं. तिने सांगितलेलं सगळं लिहायचं म्हणजे पानभर मजकूर. त्यात खो-खो, सर, जिना, सगळंच. मी काटून छान व्याकरणशुद्ध वाक्य केलं: तोकिता-सान यांच्या परिश्रमांनी आम्हांला धैर्य मिळते.

"हे कोण बोलतंय?" ताईने विचारलं. "हे तर सगळेच लिहितील. तू ओइकावा-सानांना काय सांगितलं होतंस, ते लिही."

"त्याला कारण म्हणत नाहीत, ताई. तो शब्दांचा घोटाळा आहे."

"माझं कारण तेच आहे. तू धातूंचं बघ."

मग मी मुकाट्याने ते लिहिलं. नावाच्या जागी टोपणनाव चालत होतं. तिथे लिहिलं, हाच-सान.

मधल्या काळात एकवीस नंबरही मिळाला, आणि तो ऐन रुबाबात. ऑगस्टच्या तानाबाता उत्सवात गल्लीने दगड-कागद-कात्रीची स्पर्धा ठेवली होती, बक्षीस एकवीस नंबरचं चकचकीत कार्ड. ताईचा सिद्धांत होता, की पहिल्या डावात लोक संकोचाने मूठच काढतात, म्हणून आपण कागद काढायचा. सिद्धांत खरा की खोटा देव जाणे, ती जिंकली. कार्ड उंच धरून तिने गल्लीतून फेरी मारली. त्यानंतर ते तिच्या अल्बमच्या पहिल्या पानावर. आल्यागेल्याला आधी तेच दाखवायची.

मोसम संपला. टीम शेवटची आली. मग वर्तमानपत्रात पुढच्या वर्षी न ठेवलेल्या खेळाडूंची नावं आली आणि त्यात तोकिता होता. मी ती बातमी ताईला वाचून दाखवली. मला वाटलं, रडेल.

"म्हणजे छापला तर आत्ताच," ती म्हणाली. "पुढे नाही."

"ताई, ज्याला सोडलं त्याचं कार्ड कोण छापेल?"

"मतं सोडण्याच्या आधीची आहेत ना?" तिने मलाच विचारलं, जणू कंपनी मी चालवत होते. तरी त्या आठवड्यात चिवड्यात मीठ दोनदा पडलं. उल्हासने आणि मी तो तसाच खाल्ला.

शेवटची खेप दुकानात आली ती त्यांच्या जायच्या आदल्या शनिवारी. कोन्बिनीतली, म्हणजे कोपऱ्यावरच्या दिवसरात्र दुकानातली, सगळी पाकिटं ताईने उचलली. तिच्या स्वयंपाकघरात जमिनीवर बसून आम्ही चौघांनी फोडली. उल्हासने चक्क अर्धी रजा टाकली होती. पिचर निघाले, फलंदाज निघाले, दुसऱ्या टीमचे कोण कोण निघाले. आठ नंबर निघाला नाही. ताईने सगळे चिप्स पातेल्यात ओतले, हात धुतले आणि म्हणाली, "चला, ओइकावा-सानांना नमस्कार करून येऊ. जाताना भेटायला हवंच."

दुकानात टेबल मांडलेलं होतं. सगळे होते, पण कोणी अदलाबदल करत नव्हतं. टेबलाच्या मधोमध एकच कार्ड, कडक प्लॅस्टिकच्या पाकिटात. मातीत छातीवर घसरलेला माणूस, डावा हात टप्प्यावर, पाठीवर आठ. ओइकावा-सानांच्या पाकिटात निघालं होतं.

ताईने तोंडावर हात ठेवला. मी कार्ड उलटवलं. मागे, आकड्यांच्या खाली, बारीक अक्षरांत एक ओळ होती. मी ती मराठीत वाचली, म्हणजे जशी तिने मला सांगितली होती तशीच.

"माझ्या भाषेत आठ म्हणजे: हा, दुसरा कोणी नाही. सेंदाई, हाच-सान."

ती रडली. खुर्चीवर बसून, पदराने नव्हे तर ओइकावा-सानांनी पुढे केलेल्या कागदी रुमालांनी, अख्खा डबा संपवत. भाजीवाली तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. मिताली मराठीत म्हणाली, "आई, तू छापून आलीस." ती घराबाहेर मराठी बोलल्याचं मी पहिल्यांदाच ऐकलं.

बसचालकाने ओइकावा-सानांना हळूच सुचवलं, की देऊन टाका की त्यांना, त्या निघाल्यात. ओइकावा-सान हलले नाहीत. ते नियमाला सोडत नव्हते की ताईला ओळखून होते, मला सांगता येत नाही. पण ताईनेच डोळे पुसले आणि मला म्हणाली, "सांग त्यांना, फुकट नको. हा फुकट वाटायचा माणूस नाही."

तिने पिशवीतून अल्बम काढला. पहिलं पान उघडलं. एकवीस नंबर, चकचकीत, आठीसकट. तो बाहेर काढताना तिचा हात जराही अडखळला नाही. दोन्ही हातांनी तो तिने टेबलावर ठेवला.

ओइकावा-सानांनी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे. बाजारात तो चौपट मोलाचा होता, हे टेबलावरच्या सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी चष्मा सारखा केला आणि आठ नंबर बोटाने पुढे सरकवत, अगदी हळू, एकेक शब्द सुटा करून विचारलं. त्यातला एक शब्द मराठी होता, तिच्याकडूनच शिकलेला.

"हाच-सान. हाची? की हाच?"

"दोन्ही," ताई म्हणाली, आणि कार्ड उचलून तिथल्या तिथे, सगळ्यांसमोर, पाकिटातून काढून पाहिलं.